ब्रिटनमधले मध्ययुगीन किल्ले, मठ आणि कॅथीड्रल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये नोकरीला किंवा शिकायला असलेले मराठी लोक आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे येणारे आई-बाबा, दोघांकडूनही फिरून फिरून हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. तिकिटांचे दर आणि उघडण्याच्या वेळा दरवर्षी बदलतात, त्यामुळे ते आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. निघण्याच्या आदल्या दिवशी त्या त्या जागेची वेबसाइट बघून घ्या.

मध्ययुगीन म्हणजे नेमका कुठला काळ? स्टोनहेंज त्यात येतं का?

इंग्लंडच्या किल्ल्यांपुरतं बोलायचं तर 1066 ते 1485 धरा. 14 ऑक्टोबर 1066 ला हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला आणि जिंकलेला मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी किल्ले बांधायचा सपाटा लागला. आधी मातीचा ढीग रचून त्यावर लाकडी, मग सवडीने दगडी. 1485 मध्ये बॉसवर्थची लढाई झाली आणि ट्यूडर घराणं गादीवर आलं. 1066 च्या आधीची शतकंही मध्ययुगातच मोडतात, पण त्यातलं उभं बांधकाम फार थोडं उरलं आहे.

स्टोनहेंज साडेचार हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे त्याचा इथे संबंध नाही. बकिंगहॅम पॅलेसचाही नाही. आणि नावात ‘कॅसल’ असलेल्या कित्येक इमारती एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंतांनी हौसेने उठवलेल्या आहेत. वर चर्या दिसल्या म्हणजे किल्ला, असं इथे समजू नका.

लंडनमध्ये आहोत, एकच दिवस मोकळा आहे. कुठे जावं?

रॉचेस्टरला. सेंट पँक्रासहून जलद गाडीने पाऊण तासाच्या आत पोचता, आणि स्टेशनवरून चालत किल्ला.

इथला मुख्य मनोरा कँटरबरीच्या आर्चबिशपने 1127 नंतर बांधला. उंची सुमारे 34 मीटर. आत मजले उरलेले नाहीत, पण तुळया बसवायच्या खोबणी भिंतीत ओळीने दिसतात. त्यावरून खालीच उभं राहून मजले मोजता येतात. मधोमध एक आडवी भिंत आहे आणि विहिरीचं तोंड त्या भिंतीच्या पोटातूनच वरपर्यंत नेलेलं आहे. वेढा पडला तर प्रत्येक मजल्यावरून पोहरा सोडून पाणी काढायची सोय.

मग बाहेर येऊन फेरी मारा आणि कोपऱ्यांचे बुरूज बघा. तीन चौकोनी आहेत, चौथा गोल. 1215 मध्ये बंडखोर सरदारांनी हा किल्ला धरला आणि राजा जॉनने वेढा घातला. त्याच्या माणसांनी एका कोपऱ्याच्या पायाखाली सुरुंग खणला आणि वरची भिंत लाकडी टेकूंवर तोलून धरली. मग राजाने हुकूम धाडला: चाळीस लठ्ठ डुकरं पाठवा, खायला सगळ्यात निकस असतील ती. त्यांच्या चरबीने टेकू पेटवले आणि कोपरा ढासळला. आतले लोक तरीही हटले नाहीत. त्या मधल्या आडव्या भिंतीमागे जाऊन लढत राहिले. शेवटी उपासमारीने दार उघडावं लागलं. पुढे कोपरा दुरुस्त झाला तो गोल बुरुजाचा, कारण गोल बुरुजाला पोखरून पाडायला टोक सापडत नाही. राजाच्या सत्तेला लगाम घालणाऱ्या ज्या सनदेचं, मॅग्ना कार्टाचं, एवढं कौतुक ऐकतो त्यावर याच राजाचा शिक्का याच वर्षी जूनमध्ये बसला होता. वेढा त्यानंतर काही महिन्यांतला.

किल्ल्यासमोरच कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च आहे. तिथे चर्चची स्थापना 604 ची. दोन्ही मिळून अर्धा दिवस पुरतो. डोव्हरचा किल्ला याहून भव्य आहे, दुसऱ्या हेन्रीने 1180 च्या दशकात बांधलेला, शिवाय पोटात दुसऱ्या महायुद्धातले बोगदे. पण त्याला पूर्ण दिवस द्यावा लागतो.

मग टॉवर ऑफ लंडन बघायचाच नाही का? कोहिनूर तिथेच आहे ना?

बघा, पण तिथे गर्दी असणार हे धरूनच. दार उघडल्याबरोबर आधी ज्वेल हाउस उरका. कोहिनूर तिथेच आहे, क्वीन मदरच्या 1937 च्या मुकुटात. 2023 च्या राज्याभिषेकात राणी कॅमिलांनी तो मुकुट घातला नाही. ज्वेल हाउसच्या आत फोटो काढू देत नाहीत.

बहुतेक लोक हिरा बघून, कावळ्यांचे फोटो काढून बाहेर पडतात आणि ज्यासाठी जायला हवं तो मधला व्हाइट टॉवर धावतपळत बघतात. विल्यमने 1070 च्या दशकात तो सुरू केला. लंडनकरांना आपण जिंकले गेलो आहोत हे रोज डोळ्यांसमोर दिसावं, हाच हेतू. त्यासाठी थोडा दगड पार नॉर्मंडीतून, समुद्रापलीकडून आणला. दुसऱ्या मजल्यावरचं सेंट जॉनचं चॅपल चुकवू नका. जाड गोल खांब, अर्धगोल कमानी, नक्षी जवळजवळ नाहीच. नॉर्मन काम म्हणजे काय ते तिथे पाच मिनिटांत कळतं.

लंडनबाहेर तीन-चार दिवस आहेत. एकच भाग निवडायचा तर कुठला?

आमचं मत ठाम आहे: उत्तर वेल्स. यावर एडिनबराप्रेमी रागावतात, पण मध्ययुगीन किल्ला म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगली जागा ब्रिटनमध्ये नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ग्विनेद या उत्तर वेल्समधल्या राज्याचा राजपुत्र लिवेलिन ऐन युद्धात डिसेंबर 1282 मध्ये मारला गेला आणि इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स गिळलं. जिंकलेला प्रांत पुन्हा उठू नये म्हणून किनाऱ्याने किल्ल्यांची माळ उभी केली. मुख्य स्थपती आल्प्समधल्या सवॉय प्रांतातून आणलेला, मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. कॉनवी, कर्नार्व्हन, हारलेक आणि ब्यूमॅरिस हे चार किल्ले, आणि त्यातल्या पहिल्या दोघांच्या शहरांचे तट, 1986 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

कॉनवीपासून सुरुवात करा. 1283 ते 1287, चारच वर्षांत आठ बुरुजांचा किल्ला आणि गावाभोवती सव्वा किलोमीटरहून लांब तट, 21 बुरुजांसकट. खर्च सुमारे 15,000 पौंड, त्या काळात डोळे पांढरे करणारा. तटावरून चालायला पैसे लागत नाहीत. दक्षिणेकडच्या तटावर बाहेर डोकावणारे बारा दगडी खोके ओळीने दिसतील: ते शौचकूप आहेत, राजाच्या कारभाऱ्यांसाठी बांधलेले. बुरुजांच्या भिंतीवर तिरक्या ओळीत वर चढत गेलेली भोकं दिसतात का बघा. परांचीच्या बल्ल्या त्यात बसवलेल्या होत्या. इंग्लंडमधले गवंडी परांची आडवी-सपाट बांधत; ही गोल फिरत चढत जाणारी पद्धत सवॉयकडची. दगड वर ढकलत न्यायला उतार मिळतो.

जिथे हे शहर आहे तिथे आधी एक मठ होता, आणि त्यात लिवेलिनच्या आजोबांना, थोरल्या लिवेलिनला पुरलेलं होतं. एडवर्डने मठच उचलून आत दरीत हलवला आणि त्या जागी इंग्रजांची वसाहत वसवली. तटाच्या आत हक्काने राहायचं, व्यापार करायचा तो इंग्रजांनी. वेल्श लोकांना त्यात स्थान नव्हतं. तटावरून फिरताना ही गोष्ट डोक्यात असली की जंग्यांचा रोख कुणावर होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

कर्नार्व्हन हा राजेशाही मिरवणारा किल्ला: बहुकोनी बुरूज, भिंतीत रंगीत दगडाचे पट्टे. राजदरवाजाच्या देवडीत मान वर करून बघा. छतात भोकं, बाजूला जंग्या, आणि वरून खाली सोडायच्या जाळीदार दारांच्या खाचा एकामागे एक. आराखड्यात पाच दरवाजे आणि अशा सहा जाळ्या होत्या. सगळं कधीच पूर्ण झालं नाही. 1911 आणि 1969 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सचा पदग्रहण सोहळा इथेच झाला.

ब्यूमॅरिस अपुरं राहिलेलं. 1295 मध्ये सुरू झालं. दुसऱ्याच वर्षी मास्टर जेम्सने राजाच्या खजिन्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे: 400 पाथरवट-गवंडी, 2,000 मजूर, 200 खाणकामगार, 30 होड्या, आणि मजुरी थकलेली. पुढे पैसा स्कॉटलंडच्या युद्धाकडे वळला आणि बुरूज अर्ध्या उंचीवर थांबले. पण तटाच्या आत तट, दोन्ही नेमके समतोल, बाहेर खंदक, खंदकाला समुद्रातून गलबत आत आणायचा धक्का. नकाशा म्हणून चारांत सर्वांत देखणा हाच.

हारलेक कड्यावर आहे. बांधला तेव्हा समुद्र पायथ्याशी होता, रसद गलबतांनी येई आणि कड्यातल्या पायऱ्यांनी वर जाई. आता समुद्र बराच मागे हटला आहे.

वेळ उरला तर लानबेरिसजवळचा डोलबादार्न बघा. हा वेल्श राजपुत्रांनी बांधलेला, तलावाकाठी एकुलता गोल बुरूज, तिकीट नाही. एडवर्डचे चार बघून झाल्यावर हा बघितला तर दोन बाजूंच्या ताकदीत केवढी तफावत होती ते दिसतं.

गाडी नसेल तर उत्तर वेल्स जमतं का?

जमतं. लंडन यूस्टनहून चेस्टरमार्गे कॉनवीला साधारण साडेतीन तास लागतात. कॉनवी स्टेशन तटाच्या आतच आहे, पण गाडी तिथे मागणी असेल तरच थांबते. गार्डला आधी सांगून ठेवा, नाहीतर पुढे जाल. लँडिडनो जंक्शनला उतरून पुलावरून चालत आलात तर किल्ला समोरून दिसतो, तो जास्त छान. कर्नार्व्हन आणि ब्यूमॅरिसला रेल्वे नाही, बँगर स्टेशनहून बस आहेत. हारलेकचं स्टेशन किल्ल्याच्या पायथ्याशीच, फक्त ती लाइन वेगळी आणि गाड्या तुरळक. रविवारी बसचं वेळापत्रक अगदीच रोडावतं, तेवढं सांभाळा.

रेल्वेची तिकिटं आधी काढली तर निम्म्याहून स्वस्त पडू शकतात. दोघं मिळून किंवा कुटुंबाने फिरणार असाल तर रेलकार्ड एकाच लांबच्या प्रवासात बरेचसे पैसे वसूल करून देतं.

राजगड-रायगड पाहिलेल्या माणसाला हे किल्ले छोटे वाटत नाहीत का?

वाटतात. कॉनवीचा अख्खा किल्ला राजगडाच्या एका माचीत हरवून जाईल. पण तुलनाच वेगळी करायला हवी. आपल्याकडे निम्मं काम डोंगर करतो. कडा आहे तिथे तट नसला तरी चालतं. इथे सपाट जमिनीवर सगळं माणसाने रचायचं, म्हणून सगळी हुशारी दरवाजात, बुरुजांच्या अंतरात आणि भिंतीच्या जाडीत भरलेली दिसते. शिबंदीही थोडकी असे, शांततेच्या काळात पाच-पन्नास माणसं. सह्याद्रीतला गडकरी इथे आला तर त्याला डोंगरी किल्ल्यांपेक्षा सिंधुदुर्ग-विजयदुर्ग आठवतील, कारण समुद्राची वाट उघडी तोवर किल्ला शाबूत, हे गणित दोन्हीकडे सारखं.

आणि युक्तीने किल्ला घेण्याच्या गोष्टी इथेही आहेत. 1401 च्या गुड फ्रायडेला कॉनवीची शिबंदी प्रार्थनेला चर्चमध्ये गेलेली असताना इंग्रजांविरुद्ध उठलेला वेल्श पुढारी ओवेन ग्लिंडूर याच्या दोन चुलतभावांनी मोजक्या माणसांनिशी किल्ला घेतला. सुतारकामाला आलोय असं सांगून पहाऱ्यावरच्यांना फसवलं, असं त्या काळच्या बखरीत आहे.

जुलै 2025 मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. शिवनेरी, रायगड, प्रतापगड यांच्याबरोबर तामिळनाडूतला जिंजीही त्यात आहे. वेल्सच्या चार किल्ल्यांची नोंदही अशीच एकत्र झालेली. सूचनाफलक, कठडे, जिन्यातले दिवे, अर्धवट भिंतीला हात न लावता तिची डागडुजी कशी करतात, हे या नजरेने जरूर बघा. आपल्याकडे आता याची गरज पडणार आहे.

एवढ्या मठांना छप्पर का नाही? युद्धात जळाले का?

बहुतेक मठ कुणी युद्धात जाळले नाहीत, सरकारने मोडीत काढले. 1536 ते 1540 या काळात आठव्या हेन्रीने इंग्लंड आणि वेल्समधले सगळे मठ बंद केले, जमिनी विकल्या, आणि छपरावरचं शिसं उतरवून वितळवलं. छप्पर गेलं की पाऊस आत, मग बाकीचं काम आसपासच्या गावकऱ्यांनी केलं: घडवलेला दगड फुकट मिळत असताना खाणीत कोण जाईल?

बघायचा एकच तर यॉर्कशरमधला फाउंटन्स. 1132 मध्ये यॉर्कच्या सुखासीन मठाला कंटाळून बाहेर पडलेल्या तेरा साधूंनी तो स्थापला. कडक नेमधर्माच्या सिस्टर्शियन पंथाचे, पण मेंढ्यांच्या लोकरीवर मठ एवढा गबर झाला की इटालियन व्यापारी लोकर घ्यायला येऊ लागले. तळघरासारखा लांबलचक कोठार-दालनाचा भाग अजून छतासकट शाबूत आहे, सुमारे 90 मीटर. खांबाला वरचं टोपण नाही. बुंध्यातूनच कमानीच्या फासळ्या फुटतात. बाहेर कितीही गर्दी असो, त्या दालनाच्या टोकाला बहुतेक कुणी नसतं. रिपनला रेल्वे नाही, तिथवर बसने आणि पुढे टॅक्सी किंवा मोसमी बस.

किल्ल्यांची कथा थोडी वेगळी. 1640 च्या दशकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी झाली, आणि हरलेल्या बाजूने पुन्हा आसरा घेऊ नये म्हणून कित्येक किल्ले दारू लावून उडवले. डॉर्सेटमधला कॉर्फ 1646 चा. तिथे भिंतीचे वाड्याएवढे तुकडे उतारावर तिरके रुतून बसलेले आहेत.

आम्ही हिंदू आहोत. कॅथीड्रलमध्ये जाता येतं का? चपला काढायच्या का?

बिनधास्त जा, कुणी धर्म विचारत नाही. चपला-बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची. प्रार्थना चालू असेल तर फिरणं थांबवायचं, एवढंच.

एका गोष्टीने आपली माणसं अडखळतात: फरशीतच थडग्यांचे दगड बसवलेले असतात आणि लोक त्यावरून चालतात. शतकानुशतकं तसंच चालत आलंय, त्यात अपमान नाही. मन धजत नसेल तर कडेने जा.

वेस्टमिन्स्टर ॲबी, यॉर्क मिन्स्टर, कँटरबरी इथे तिकीट आहे. डरहॅम आणि ग्लॉस्टरला नाही, ऐच्छिक देणगी. सरकार या इमारती चालवत नाही, त्यामुळे खिशात हात घालाच. पैसे वाचवायचे असतील तर संध्याकाळी ‘ईव्हनसाँग’ला जा. पाऊण तासाची गायलेली प्रार्थना, फुकट, बसायला मिळतं, आणि ज्या आवाजासाठी ती कमान बांधली तो आवाज त्याच जागी ऐकता येतो. यात मात्र मधेच उठून फोटो काढत फिरायचं नाही.

कुठलं कॅथीड्रल? डरहॅम. 1093 मध्ये सुरू झालं. दगडी फासळ्यांवर छत तोलायचं तंत्र युरोपात अगदी आधी वापरलं ते इथे. खांब पोटात न मावणारे जाड, त्यावर नागमोडी आणि चौकटीच्या रेघा कोरलेल्या. जवळून बघितलं तर एकेका दगडावरची रेघ वेगळी कोरून मग जुळवलेली दिसते. त्याखालोखाल सॉल्झबरी: मुख्य इमारत 1220 ते 1258, म्हणजे एका माणसाच्या हयातीत बांधून झालेली; कळस नंतरचा, 123 मीटर, देशात सर्वांत उंच. तिथेच मॅग्ना कार्टाच्या 1215 च्या चार मूळ प्रतींपैकी एक आहे. उरलेल्यांपैकी दोन लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे, एक लिंकनला.

वर्षाचं सभासदत्व घ्यावं की सुटी तिकिटं?

हे नीट समजून घ्या, गोंधळ इथेच होतो. इंग्लंडमधल्या चारशेहून अधिक जागा इंग्लिश हेरिटेजकडे, वेल्समधल्या काडूकडे, स्कॉटलंडमधल्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडकडे. नॅशनल ट्रस्ट ही चौथी, वेगळी संस्था. बोडियमचा किल्ला आणि फाउंटन्स त्यांचे. टॉवर ऑफ लंडन, विंडसर, वॉरिक आणि कॅथीड्रल यांपैकी कशातही बसत नाहीत. वॉरिक तर करमणुकीची कंपनी चालवते. मुलं खूश होतात, इतिहासाची आवड असलेला बाप कुरकुरतो.

इथे राहत असाल आणि वर्षात चार-पाच मोठ्या जागा होणार असतील तर सभासदत्व वसूल होतं. इंग्लिश हेरिटेजच्या सभासदाला वेल्स-स्कॉटलंडमध्ये पहिल्या वर्षी अर्धं तिकीट, नूतनीकरणानंतर फुकट. पाहुण्यांसाठी ठरावीक दिवसांचे पास असतात. सप्टेंबरमध्ये वारसास्थळांचे खुले दिवस असतात, तेव्हा एरवी बंद असणाऱ्या जागाही फुकट उघडतात.

आईचे गुडघे दुखतात. काय झेपेल?

बुरुजांचे गोल जिने विसरा: पायऱ्या अरुंद, मधे झिजलेल्या, कठडा कधी दोरीचा. ब्यूमॅरिस सपाटीवर आहे आणि वर न चढताही समजतो. बोडियमचा खंदक, 1385 चा, काठावरच्या बाकावरून बघण्यासारखा. पार्किंगपासून थोडं चालावं लागतं. कॅथीड्रल बहुतेक सपाट. यॉर्कचं मिन्स्टर आणि त्यातली 1405 ते 1408 मधली पूर्वेची प्रचंड रंगीत काच खुर्चीवर बसून बघता येते. शहराचा साडेतीन किलोमीटरचा तट मात्र जिने चढूनच. हारलेक आणि एडिनबरा चढाचे.

पावसानंतर झिजलेला दगड तेलकट होतो. साडीवर चपला नकोत, घट्ट बसणारे बूट हवेत.

कुठल्या महिन्यात यावं?

मे-जून, नाहीतर सप्टेंबर. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चारच्या आसपास अंधार पडतो आणि अनेक जागा फक्त शनिवार-रविवारी उघडतात. शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा-एक तास आधी संपतो. जोराचा वारा असला तर तटावर आणि बुरुजांवर जाऊ देत नाहीत, त्यावर हुज्जत घालून उपयोग नसतो.

स्कॉटलंडमध्ये काय बघावं?

एडिनबराच्या किल्ल्यात मध्ययुगीन भाग तसा कमी. बाराव्या शतकातलं छोटं सेंट मार्गारेट चॅपल ही तिथली सर्वांत जुनी इमारत, आणि 1449 मधली मॉन्स मेग ही भलीमोठी तोफ. दुपारी एकची तोफ रविवारी उडत नाही. स्कॉटिश राजांच्या अभिषेकाचा दगड, जो एडवर्डने 1296 मध्ये उचलून वेस्टमिन्स्टरला नेला होता आणि 1996 मध्ये परत आला, तो आता या किल्ल्यात नाही. मार्च 2024 पासून पर्थच्या संग्रहालयात आहे. स्टर्लिंगचा किल्ला जास्त समाधान देतो. इंग्रजांविरुद्धच्या दोन लढाया, 1297 ची पुलाची आणि 1314 ची बॅनकबर्नची, त्याच्या परिसरात झाल्या. स्कॉटलंडमधल्या अनेक जागांचे काही भाग दगडांच्या तपासणीसाठी बंद असतात, निघण्याआधी खात्री करा.

गोल जिने उजवीकडे वळतात ते तलवारबाजीसाठी, हे खरं का?

सगळे गाईड सांगतात. चढणाऱ्याचा उजवा हात अडतो, उतरणाऱ्याचा मोकळा राहतो, असं स्पष्टीकरण. पण उलटे वळणारे जिनेही भरपूर आहेत, कर्नार्व्हनमध्येसुद्धा, आणि शत्रू जिन्यापर्यंत आला म्हणजे किल्ला गेलाच होता. उकळत्या तेलाचंही तसंच: तेल महाग, पाणी आणि दगड फुकट. ‘भुयारी मार्ग’ म्हणून दाखवतात ते बहुधा गटार निघतं.

फोटो, ड्रोन, डबा?

स्वतःसाठी फोटो चालतात, तिपाई आणि ड्रोन नाही. अर्धवट भिंतींवर चढायचं नाही. सह्याद्रीतली सवय इथे आवरा. हिरवळीवर बसून डबा खाल्ला तर कुणी हटकत नाही. चहाच्या खोलीत शाकाहारी माणसाला सूप, भाजलेला बटाटा-चीज आणि स्कोन मिळतात. वेल्समधल्या छोट्या गावांत संध्याकाळी सहानंतर फारसं काही उघडं नसतं, म्हणून दशम्या-चिवडा बरोबर असू द्या.

वेल्स-स्कॉटलंडला वेगळा व्हिसा लागतो का? भारतीय लायसन्स चालतं का?

वेगळा लागत नाही, एकाच ब्रिटिश व्हिसावर तिन्हीकडे जाता येतं. शेंगेन व्हिसा मात्र चालत नाही. वैध भारतीय लायसन्सवर बारा महिने साधी कार चालवता येते. रस्ता डाव्या बाजूचाच आहे. वेल्समधल्या एकेरी गल्लीवजा रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला की मागे घ्यायची तयारी ठेवा.

महाराजांची तलवार आणि वाघनखं यातल्या कुठल्या किल्ल्यात आहेत?

कुठल्याच नाही. ‘जगदंबा’ म्हणून ओळखली जाणारी तलवार कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून 1875-76 च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेली, ती राजघराण्याच्या संग्रहात आहे. वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची. ती जुलै 2024 मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याला आली. ती महाराजांचीच, असा पुरावा नसल्याचं ते संग्रहालय स्वतःच सांगतं.

लिंडिसफार्नला गाडी नेता येते ना?

येते, पण हे ईशान्य किनाऱ्याजवळचं जुन्या मठाचं बेट आहे, त्यामुळे ओहोटी असेल तेव्हाच. रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. सुरक्षित वेळांचा तक्ता तिथल्या फलकावर आणि वेबसाइटवर असतो. तो पाळा, दरवर्षी कुणाची तरी गाडी पाण्यात अडकते आणि बचाव पथकाला यावं लागतं.

लीड्स कॅसल लीड्समध्येच आहे ना? तिथल्या युनिव्हर्सिटीत मुलगी आहे.

नाही. तो केंटमध्ये मेडस्टोनजवळ आहे, लीड्स शहरापासून तीनशे किलोमीटरहून दूर. मुलीला भेटून त्याच दिवशी यॉर्कला जा, रेल्वेने अर्धा तास.